पाठ टेकल्यानंतर

लाल मातीतल्या कुस्तीचा नियम आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली झाली. हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि ज्याची पाठ लागली तो अंगाची माती झटकत आखाड्याबाहेर पडतो. ‘चीतपट’ या एका शब्दात सारे आले. म्हणूनच ब्राझिलियन जिउजित्सूची तालीम पहिल्यांदा पाहणारा मराठी माणूस बुचकळ्यात पडतो. तेथे एक जण पाठीवर उताणा पडलेला असतो, दुसरा त्याच्या छातीवर ठाण मांडून बसलेला असतो, आणि शिकवणारे शांतपणे सांगतात, ‘हं, आता सुरू करा.’ आपल्याकडे खेळ जेथे संपतो तेथे त्यांचा पहिला धडा सुरू होतो.

वाचकहो, ज्येष्ठांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी असलेल्या या सदरात एका परदेशी मल्लविद्येचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. उतारवयातील भीतींमध्ये पडण्याची भीती फार खरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. पण या आकड्यात न मावणारे आणखी एक दुःख घरोघरी परिचित आहे. आजी न्हाणीघराच्या दाराशी पडतात. हाड मोडलेले नसते, डोक्याला मार नसतो, तरीही त्यांना उठता येत नाही. सून नोकरीवर, नातू शाळेत. दोन-तीन तास गार फरशीवर जातात. त्या दिवसापासून आजी चालणे कमी करतात. चालणे कमी झाले की पायांतले बळ जाते. बळ गेले की पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. या चक्राची सुरुवात पडण्यातून होते, तितकीच उठता न येण्यातूनही होते.

जमिनीवर असताना शरीराने काय करावे, हे रीतसर शिकवणाऱ्या विद्या जगात थोड्या आहेत. जिउजित्सू ही त्यांतली एक. तिचे मूळ धडे कोणते आणि ते शिकले कसे जातात, एवढ्यापुरतेच आज आपण तिच्याकडे पाहू.

तिचा इतिहास थोडक्यात असा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तिच्यात घडलेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करीत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे उत्तरेकडील बेलेम या शहरात स्थिरावले. तेथील ग्रेसी कुटुंबातला कार्लोस त्यांच्या तालमीत शिकला. कुटुंब रिओ द जानेरोस आल्यावर भावांनी मिळून ही विद्या वाढवली. त्यांतला धाकटा एलिओ, जन्म १९१३, लहानपणी इतका अशक्त होता की त्याला डाव खेळू न देता नुसते पाहत बसवीत. पाहता पाहता त्याने सारे आत्मसात केले आणि बळाच्या जागी तरफ वापरून डावांना नवे रूप दिले, अशी कथा ग्रेसी घराण्यात सांगितली जाते. अभ्यासकांनी तिच्या काही भागांविषयी शंका घेतल्या आहेत. घराण्याच्या कथा घराण्याला शोभतील अशाच असतात, हे आपल्यालाही काही नवे नाही. मात्र हलक्या अंगाच्या माणसाने भारी माणसाखालून नेमक्या कोनातून निसटावे, ही गोष्ट कोणत्याही चांगल्या तालमीत आजही डोळ्यांनी पाहता येते.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर एलिओ जपानच्या मासाहिको किमुराशी लढला आणि हरला. किमुराने त्याचा हात पाठीमागे असा पिळला की थोरल्या कार्लोसने टॉवेल टाकून लढत थांबवली. त्या पकडीला जिउजित्सूत आजही ‘किमुरा’ असेच म्हणतात. ज्याने आपल्याला हरवले त्याचेच नाव डावाला देऊन तो आपल्या मुलांना शिकवणे, हा त्या घराण्याचा मला सर्वांत आवडलेला गुण. एलिओ २००९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी वारला, आणि अगदी उतारवयातही तो गादीवर उतरत असे.

आता मूळ धड्यांकडे वळू. चांगल्या तालमीत नवख्याला आधी पडणे शिकवतात. तोल गेला की हात पुढे टेकून सावरण्याची आपली उपजत ओढ असते, आणि पडल्यावर मनगट मोडते ते पुष्कळदा यामुळेच. तालमीत हनुवटी छातीशी घ्यायला शिकवतात, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ गोल करायला शिकवतात, म्हणजे आघात एका ठिकाणी न बसता पसरतो. हे आधी बसल्या बसल्या, मग उकिडवे बसून, आणि कित्येक दिवसांनी उभ्याने करवून घेतात. नेदरलँड्समधील नायमेखन येथे ज्येष्ठांसाठी तयार झालेल्या पडणे-प्रतिबंधक कार्यक्रमात मल्लविद्येतील पडण्याच्या अशा रीतींचा समावेश केलेला आहे. तेथेही हे काम जाड गाद्यांवर आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली चालते. त्यामुळे आपण घरी पडून पाहण्याचा प्रयोग अजिबात करू नये. या लेखातला हा एवढा धडा केवळ वाचण्यासाठी आहे.

पुढचे दोन धडे मात्र घराच्या फार जवळचे आहेत.

पहिला ‘पूल’. उताणे निजून, गुडघे वाकवून, तळपाय नितंबांजवळ टेकवायचे आणि पायांनी जमीन दाबत कंबर वर उचलायची. योगाभ्यास केलेल्यांना यात सेतुबंधासनाची ओळख पटेल. आखाड्यात याचा उपयोग छातीवर बसलेल्याला उलटवण्यासाठी होतो. घरातला उपयोग शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांखाली बेडपॅन सरकवताना ‘बाबा, जरा कंबर उचला’ असे ज्यांनी म्हटले आहे, आणि बाबांना ती उचलता आली नाही म्हणून चादरीसकट ओढताना ज्यांची स्वतःची पाठ धरली आहे, त्यांना या चार बोटांच्या उंचीची किंमत माहीत आहे. चार बोटे कंबर उचलली गेली तर बेडपॅन सरकतो, चादर बदलता येते, कपडा चढवता येतो. माणसाची लाज राखली जाते, हे त्याहून महत्त्वाचे. ही चार बोटे आजाराच्या आठवड्यात कमावता येत नाहीत. ती आधीच्या वर्षांत, हिंडते-फिरते असताना साठवून ठेवावी लागतात.

दुसऱ्या हालचालीचे नाव कोकणातल्या वाचकांना हसवील. तिला ‘कोळंबी’ म्हणतात. जपानी तालमींतही ‘एबी’, म्हणजे कोळंबीच. उताणे असताना एका कुशीवर वळायचे, वरच्या पायाचा तळवा टेकून जमीन ढकलायची आणि कंबर मागे सरकवायची; शरीर कोळंबीसारखे दुमडते आणि वीतभर बाजूला जाते. मग दुसऱ्या कुशीवर तेच. जिउजित्सू शिकणारे वर्षानुवर्षे दर वर्गाच्या आरंभी गादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असे सरपटत जातात. काळा पट्टा मिळालेलेही जातात. या हालचालीमागचा विचार असा, की अंगावरचे ओझे हलत नसेल तर त्याला ढकलण्यात दम घालवू नये. आपण त्याच्याखालून सरकावे. अंथरुणात कडेला सरकणे, उशीकडे वर जाणे, कुशीवर वळून पलंगाखाली पाय सोडत उठून बसणे, या सर्वांत हीच हालचाल निरनिराळ्या रूपांत असते. ज्यांना ती येते त्यांना रात्री कूस बदलण्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. पाठीला आणि टाचांना अंथरुणाचे व्रण होण्याचे टळते तेही बऱ्याच अंशी अशा सरकण्या-वळण्यामुळे.

या दोन्ही गोष्टी दिसायला इतक्या साध्या आहेत की नवख्याला त्यांचा कंटाळा येतो. त्याला हात पिळायचा असतो, गळ्याचा फास शिकायचा असतो. पण तेथला क्रम ठरलेला आहे. आधी सुटका, मग पक्की बैठक, आणि नंतर डाव. पहिले कित्येक महिने नवखा जवळजवळ प्रत्येक लढतीत हरतो. त्याची अडचण बळ कमी पडल्याची नसते. तो सारे बळ एकदम लावतो आणि श्वास कोंडून धरतो, ही असते. दोन मिनिटांत तो धापा टाकू लागतो. पंधरा वर्षे मुरलेला त्याच्याखाली पडलेला असूनही सावकाश श्वास घेत, एक कोपर आत, एक गुडघा मध्ये, असे करीत इंच इंच जागा मिळवीत असतो. त्याचे कसब हजार डावांत नसते. चार हालचाली हजारो वेळा केलेल्या असतात, त्यांत असते.

श्वास कोंडण्याची ही खोड आपल्यालाही आहे. खोल सोफ्यातून उठताना, बादली उचलताना, शौचाला बसताना आपण श्वास रोखतो, रक्तदाब वरखाली होतो आणि उभे राहताच क्षणभर अंधारी येते. उठताना श्वास सोडावा, ही तालमीतली सूचना आपल्या दिवसात निदान दहा वेळा उपयोगी पडेल.

चिकाटीचे मोजमाप या विद्येत पट्ट्यांच्या रंगांनी होते. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोहोचण्यास नियमित शिकणाऱ्यालाही साधारण दहा वर्षे लागतात. मधल्या काळात असे अनेक महिने येतात, जेव्हा काहीच सुधारत नाही असे वाटते. पुष्कळ जण तेथेच सोडून जातात. काळ्याच्या पुढेही वर्षे मोजली जातातच, आणि सर्वांत वर लाल पट्टा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार काळा पट्टा वयाच्या १९ व्या वर्षाआधी मिळत नाही, आणि त्यानंतर लाल पट्ट्यापर्यंतच्या पायऱ्यांना मिळून किमान ४८ वर्षे लागतात. म्हणजे ६७ वर्षांच्या आतील कोणालाही तो बांधता येत नाही. तरुणांना मुळीच न मिळणारा असा मान आजच्या जगात कितीसा उरला आहे, याचा विचार मी ही बेरीज करताना करीत होतो.

सत्तरीतल्या वाचकांनी उद्याच पांढरा गणवेश शिवावा, असे माझे म्हणणे नाही. मुंबई-पुण्यात आता या विद्येच्या तालमी निघाल्या आहेत, आणि स्पर्धांत ६१ वर्षांपुढच्यांचाही एक वयोगट असतो, हे खरे. पण ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, ज्यांचा खुबा वा गुडघा बदललेला आहे, त्यांना झटापट वर्ज्यच मानावी. आपल्याला तेथून घ्यायचे आहे ते तिचे पहिले पान. नातू किंवा नात या तालमीत जात असेल, तर तिला घरात सतरंजीवर कोळंबी करून दाखवायला जरूर सांगावे. एरवी घरात न बोलणारी मुले अशा वेळी फार छान बोलतात.

याच रिओ शहरातून वैद्यकानेही जमिनीकडे लक्ष वेधले आहे. तेथील डॉ. क्लॉदिओ जील आराउजो यांनी ‘बसणे-उठणे चाचणी’ रूढ केली. उभे असलेल्या माणसाने जमिनीवर बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे. बसण्याला ५ आणि उठण्याला ५ गुण. हात, गुडघा वा कोपराचा आधार घेतला की प्रत्येक आधारामागे १ गुण वजा, तोल डळमळला तर अर्धा. त्यांच्या गटाने ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांची अशी परीक्षा घेऊन पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना ३ किंवा त्याहून कमी गुण मिळाले होते त्यांच्यात मृत्यूचा धोका ८ ते १० गुण मिळवणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक आढळला. यावरून जमिनीवर बसणे-उठणे हेच आयुष्य वाढवते, असा अर्थ काढू नये. पायांचे बळ, सांध्यांची लवचीकता, तोल आणि वजन या सर्वांचा हिशेब त्या एका कृतीत दिसून येतो, इतकाच तिचा अर्थ. आणि गुण कमी पडले म्हणून हिरमुसूही नये. त्या चाचणीत हात टेकला की गुण जातो. जिउजित्सूत मात्र उठताना एक हात मागे खांबासारखा रोवणे हाच डावाचा पाया असतो. आपल्या वयात मी दुसऱ्या पक्षाचा आहे. हात टेका, खुर्ची धरा, पण उठा.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची ही तालीम न सांगता होत असे. पाटावर जेवण, पंगतीत वाढणे, जात्याशी बसणे, देवापुढे मांडी. दिवसातून वीस वेळा जमिनीशी गाठ पडे. डायनिंग टेबल, पलंग आणि कमोड यांनी गुडघ्यांना सुख दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्यामुळे जमीन परकी झाली. जेथे आपण वर्षभरात एकदाही स्वेच्छेने गेलो नाही, तेथे एके दिवशी अकस्मात जाऊन पडलो तर भांबावणारच.

ती ओळख पुन्हा करून घेण्याची रीत अशी. आधी डॉक्टरांना विचारावे. मणक्याचा ठिसूळपणा, चक्कर, उभे राहताच रक्तदाब उतरणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीवाचून सुरुवात करू नये. पहिले काही आठवडे सारे पलंगावरच: सकाळी पाच वेळा पूल, प्रत्येक कुशीवर तीन वेळा कोळंबी, श्वास न कोंडता. ते अंगवळणी पडले की घरात दुसरे माणूस असताना जाड सतरंजीवर, शेजारी न घसरणारी जड खुर्ची ठेवून उठण्याचा धडा घ्यावा. उताणे असाल तर गुडघे वाकवा, कुशीवर वळा, कोपर आणि मग तळहात टेकून अंग उचला, रांगण्याच्या स्थितीत या. खुर्चीपर्यंत रांगत जा. दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवा, जो पाय बळकट त्याचा तळवा पुढे टेका, श्वास सोडत उठा, वळून बसा. मग एक मिनिट काहीही करू नका. ज्यांचे गुडघे टेकवत नाहीत त्यांच्यासाठी फिजिओथेरपिस्ट बसल्या बसल्या मागे सरकत पायरीवर चढण्याची रीत शिकवतात. तीही तितकीच चांगली. आठवड्यातून दोन वेळा, एकेकदा. याहून जास्त उत्साह नको.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपल्यासाठी येथे दोन गोष्टी. घरातले माणूस पडलेले दिसले की धावत जाऊन काखेत हात घालून उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्यांना आधी तसेच राहू द्या, विचारा कुठे दुखते, पाय बाहेर वळलेला वा आखूड दिसतो का पाहा. डोक्याला मार लागला असेल, खुबा दुखत असेल, वा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर हलवू नका. पांघरूण घाला आणि १०८ क्रमांकाला कळवा. इजा नसेल तर एक खुर्ची पुढे आणि उठल्यावर बसण्यासाठी एक मागे ठेवा, आणि वरचे टप्पे एकेक करून तोंडाने सांगा. बळ त्यांना लावू द्या. आपली कंबर वाचते, आणि त्यांना आपण उठलो असे वाटते, उचलले गेलो असे नव्हे.

दुसरी गोष्ट थापेची. जिउजित्सूत पकड असह्य झाली की समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोनदा थोपटतात. थाप पडताच पकड तत्क्षणी सुटते. कोणी कारण विचारत नाही, कोणी हसत नाही, आणि दोघे पुन्हा हात मिळवून सुरू करतात. एका तासात असे पाच-सहा वेळाही होते. या खात्रीवरच माणसे एकमेकांचे हात पिळूनही वर्षानुवर्षे सुखरूप राहतात. आपल्या घरात व्यायाम करवून घेताना, आखडलेला खांदा हलवताना, पट्टी बदलताना हा करार करून पाहावा. आपण त्यांच्या हातापाशी आपला दंड किंवा पलंगाची कड राहील असे बसावे, आणि आरंभीच सांगावे: दोनदा थोपटले की मी थांबेन. ज्यांना बोलणे जड जाते, पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत, त्यांनाही थोपटता येते. पहिल्या आठवड्यात आजोबा कदाचित पट्टीला हात लागण्यापूर्वीच थोपटतील, केवळ आपण खरोखर थांबता की नाही हे पाहण्यासाठी. तेव्हाही थांबावे.